काट्यांची दिशा

२ जून

चि. छबूस अनेक आशीर्वाद.

पत्र नाही, म्हणजे तू बुरशीत गळ्यापर्यंत बुडालेली असशील, असं तुझी वहिनी म्हणते. म्हटलं, आपणच गिऱ्हाईक पाठवावं. सोबतच्या डबीत लाकडाची ढलपी आहे. दुकानात जिन्याजवळचा जो उभा खांब आत्याच्या खोल्या तोलून धरतो, त्यावरून मी ती तासून काढली. तांबूस पापुद्रा आणि त्यावर बारीक काटे.

बाबांनी त्या खोल्या आत्याला हयातभर दिल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उद्या ती शिवणयंत्रासकट खाली आली, तर लोक मला धरतील. कसली बुरशी आहे ती ओळख आणि तुझ्या संस्थेच्या कागदावर लिहून पाठव. माझं ती ऐकत नाही, तुझ्या सहीपुढे मात्र तिचं काही चालत नाही.

आम्ही मजेत. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं गिऱ्हाईक ओळखलं. आधी वाटलं, वरवर वाढणारी एखादी गरीब जात असेल. पण काटे दाट, मेणचट, टोकाशी फिके. कापून बीजाणू पाहिले, तेव्हा शंका उरली नाही. ही लाकूड आतून खाते. वरून खांब धडधाकट दिसतो आणि आत पांढरा, भुसभुशीत होत जातो. तसा कागद जोडला आहे. खांबावर भरवसा ठेवू नये, खोल्या रिकाम्या कराव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आई गेल्यावर आत्याने आपल्याला वाढवलं, हे विसरू नकोस. तिच्यापुढे एकदम कागद नाचवू नकोस, आधी शेजारी बस, मग सांग. दुरुस्ती झाली की तिच्या खोल्या तिला. वहिनीला म्हणावं, बुडाले नाही, पोहते आहे.

लोभ आहे तसाच जाड राहो.

तुझी छबू

३० जून

चि. छबूस आशीर्वाद.

हे भाड्याच्या खोलीतून लिहिते आहे. इथे खिडकी उघडली की समोरची भिंत हाताला लागते.

नगरपालिकेच्या माणसाने तुझा कागद वाचून दाखवला. खालची सही मी लगेच ओळखली, ती गिरवायला तुला मीच बसवलं होतं. मी म्हटलं, छबूला एकदा येऊन बघू दे. दादा म्हणाला, तिने भिंगाखाली पाहिलं आहे, आता माझ्या हातात काही नाही.

त्या खांबाला धरून मी रोज चढत-उतरत होते. माझ्या हाताला काटा कधी लागला नाही. मी निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी जागा मोजायला माणसं आली. दुरुस्ती नाही, सगळं पाडून दुकानं बांधायची आहेत. तुला हे ठाऊक होतं का, एवढंच कळव.

प्रकृतीला जप.

आत्या

४ जुलै

दादास,

आत्याचं पत्र आलं आणि मी डबी पुन्हा उघडली. तुला बुरशीतलं काही कळत नाही, हे बरं झालं. हे काटे नेहमी जमिनीच्या दिशेने वाढतात, गवंड्याच्या ओळंब्यासारखे, म्हणजे बीजाणू मोकळे खाली पडतात. उभ्या खांबावर ते लाकडाला बिलगून खाली लोंबले असते. तुझ्या ढलपीवर ते लाकडाशी काटकोनात आहेत. लाकूड आडवं होतं आणि ही त्याची खालची बाजू आहे. दुकानामागे ओलीत पडलेले ओंडके मी लहानपणापासून पाहते आहे. त्यातलाच एक तू उलटा केलास.

जिने तुला भरवलं, तिला घराबाहेर काढायला तू माझा हात वापरलास. चोराने निदान दार फोडलं असतं. तू ते माझ्याकडून उघडून घेतलंस, तेही चेष्टामस्करी करत. जागा तुला हवी होती, तर तिच्यासमोर उभं राहून मागायची हिंमत करायची होतीस. बुरशी मी बरोबर ओळखली. तुला ओळखलं नाही.

कागद मी मागे घेतला आहे. जागा न पाहता, भावाच्या शब्दावर लिहिला, असं नगरपालिकेला आणि माझ्या साहेबांना लेखी कळवलं. चौकशी होईपर्यंत माझ्या सहीला संस्थेत किंमत नाही. ते मी सोसेन. तपासनीस खांब बघायला येईल, त्याला अडवू नकोस.

लोभाचं काही लिहीत नाही.

छबू

२१ जुलै

चि. छबूस,

मी परत आले. तपासनीसाने खांब ठोकून, भोक पाडून पाहिला. आत टणक आहे. दादा खाली गल्ल्यावर बसतो, मी जिना उतरले की पाठ फिरवतो.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तुला काही ठाऊक नव्हतं, हे पटलं. दादाने जागेसाठी केलं, त्याचा राग येतो. रागाचं मला काही वाटत नाही, तो करता येतो. पण तुला माझ्याकडून काहीच नको होतं, तरी माझं घर जाणार असं लिहिताना मला दोन ओळी टाकाव्यात, हे तुला सुचलं नाही. ते कुठे ठेवू, मला कळत नाही.

रविवारी येऊ का, असं विचारलंस. या रविवारी नको. कधी ते मी कळवीन.

आशीर्वाद आहेत. बाकीचं जमायला वेळ लागेल.

आत्या