एकेचाळिसाव्या पायरीचा आकडा

डिलाईल रोड,
शनिवार, १० मार्च १९५६

प्रिय वॉल्टर,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. डोक्यात नुसता जाळ झालाय.

सोमवारी सर आपल्या जोडताऱ्याचे तक्ते छापायला पाठवणार, म्हणून आज दुपारी तुझे कच्चे कागद चाळले. म्हातारा तारा फुगतो, त्याचा वायू जवळच्या जोडीदारावर सांडतो, की दोघांमधलं अंतर नव्याने काढायचं. अशा शंभर पायऱ्या. चार महिने आपण आकडेमोडीच्या दोन यंत्रांवर हँडल फिरवलं, एकमेकांचा कागद न बघता, आणि पायरी संपली की आकडे ताडून पाहिले, म्हणजे एकाची चूक दुसरा पकडेल. रबर वापरायचं नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, हा सरांचा नियम. एकेचाळिसाव्या पायरीवर तुझ्या रेघेखालचा आकडा मला स्वच्छ वाचता आला. तो बरोबर होता. शेजारी तू माझा चुकीचा आकडा लिहिलास!

ती पायरी मी जानेवारीतल्या गोळीबाराच्या आठवड्यात केली. आमच्या राजारामच्या मांडीत गोळी, आई इस्पितळाच्या व्हरांड्यात, आणि मी वजाच्या जागी अधिक धरलं. तेवढ्याने जोडीदार दूर सरकत गेला आणि वाचला. खरं तर तो आत ओढला जाऊन बुडतो. ती धरून पुढच्या साठच्या साठ पायऱ्या खोट्या, आणि तुला ते ठाऊक होतं!

दया आली तुला, कळतंय मला. माझ्या भावाला रक्त द्यायला तू कर्फ्यूत गिरगावातून परळपर्यंत चालत आलास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझ्या आकड्यांची कीव करणारा तू कोण रे? चाळीतल्या मुलीला हे काय झेपणार, असं सगळे म्हणत होते तेव्हा मी दातओठ खाऊन काम केलं. शेवटी तूही त्यांच्यातलाच निघालास.

मघाशी सरांच्या घरी जाऊन तक्ते थांबवून आले. माझी चूक सांगितली. तुझी नाही सांगितली, ती तुझी तू सांग. गेल्या रविवारी तू लग्नाचं विचारलंस, मी आठ दिवस मागितले, ते उद्या संपतात. आज दुपारपर्यंत माझं उत्तर 'हो' होतं, वॉल्टर. पण संसारात मी चुकत जाईन आणि तू गप्प बसून माझ्या होला हो करशील, याची मला भीती वाटते. म्हणून हे पत्र उद्या सकाळीच आईच्या हाती पाठवतेय. सोमवारी अकराला सरांसमोर उभं राहून खरं काय ते बोल. नाही आलास, तर उरलेलं काम मी एकटी करीन, आणि माझं उत्तर तुला मिळालं असं समज.

तुझीच म्हणायचं की नाही, ते सोमवारवर ठेवून,
लतिका