पहिल्या रांगेतले कान

बेलकूर, अल्जिअर्स
६ मे १९८२

चि. झुलीखास,
अनेक आशीर्वाद आणि सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि जौझिया मिठाईचा डबा दोन्ही मिळालं. डबा पत्राआधी संपला, एवढंच सांगतो. पत्रात तू त्या कासवावर दीड पान खर्च केलं आहेस. कासव पाळणं म्हणजे अंगणात दगड ठेवून त्याला रोज पालेभाजी खाऊ घालणं. तो गात नाही, बोलत नाही, पळून गेला तरी संध्याकाळपर्यंत दारातच सापडतो. यात कौतुक कसलं?

अर्थात मी बोलू नये, कारण माझा वझीर रुसला आहे. एवढा उमदा मक्नीन पक्षी, तांबडं तोंड, पंखावर पिवळा पट्टा, अख्ख्या बेलकूरमध्ये असा गळा नाही. पण हिवाळ्यापासून एक सूर नाही. दाणे बदलले, डोंगरावरची पानं आणली, टेपवर दुसऱ्या पक्ष्याचं गाणं ऐकवलं. शेवटी शेजारच्या शेरीफच्या पक्ष्याशेजारी पिंजरा टांगला, तर तोही मुकाच निघाला! यंदा या जातीलाच काही झालं असावं. रेडिओवर बातम्या देणारेही हल्ली तोंडात पाव कोंबून बोलतात. देशात काय चाललं आहे ते वर्तमानपत्रातूनच कळतं.

आता खरी बातमी. गेल्या गुरुवारी शेख हाश्मींचं आमच्या बंदरावरचं शाबी गाणं झालं, खलाशांच्या सभागृहात. गेल्या पंचवीस वर्षांप्रमाणे मी पहिल्या रांगेत. गाणं आटोपल्यावर शेख खाली उतरून आले आणि कसं झालं म्हणून विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, तुमचा नवा व्हायोलिनवाला झुबीर नुसता गज हलवतो, रश्शात डाव फिरवल्यासारखा. तारांतून आवाजच निघत नाही. शेखांचा चेहरा पडला. शनिवारी त्यांनी त्याला काढून टाकलं. आहे की नाही तुझ्या भावाच्या कानांचा दरारा?

तुमच्या कॉन्स्टन्टीनच्या मालूफ गाण्याला असा एक तरी श्रोता आहे का ते कळव. तिथे तर निम्मे लोक पहिल्या कडव्यालाच पेंगतात.

लोभ आहेच, त्यात डब्यांनी भर घालत राहावी.
तुझा दादा
कद्दूर


कॉन्स्टन्टीन
१९ मे १९८२

ती. दादास,
सादर सलाम, वि. वि.

आमच्या मालूफला लोक पेंगत नाहीत, डोळे मिटून ऐकतात. फरक कळायला थोडी सभ्यता लागते, ती तुम्हा बंदरावरच्या लोकांत कुठली! आणि माझं कासव मुकं असलं तरी कुणाची चहाडी करत नाही.

हो, चहाडीच म्हणते मी. दादा, त्या झुबीरची नोकरी गेली याचा तुला आनंद झाला? लग्नसराई तोंडावर आली आहे. व्हायोलिनवाल्याचं वर्षाचं पोट या तीन महिन्यांवर चालतं. त्याला एकदा बाजूला घेऊन बोलला असतास तर काय बिघडलं असतं? तुझा शब्द तिथे किती चालतो हे तुला माहीत आहे, म्हणूनच जपून वापरायला हवा होता. असो. मी लहान, मी काय सांगणार, असं म्हणून मी नेहमीच सगळं सांगते.

फल्लाची शिक्षिकेची परीक्षा अल्जिअर्सला आहे. ती १३ जूनला येऊन आठवडाभर तुझ्याकडे राहील. मामाकडे राहायचं म्हणून आताच नाचते आहे. तिला सकाळी लवकर उठव आणि शाबी ऐकवून बिघडवू नकोस. मी लग्नाचे मखमली झगे जरीने भरते आहे, दिवसभर डोळे सुईत. गुडघ्यांना बरं आहे.

राग आला तर पत्रातूनच काढ, पोरीवर नको. माया कमी करू नये, ही विनंती.
तुझी
झुलीखा


बेलकूर
१७ जून १९८२

चि. झुलीखास,
आशीर्वाद, सलाम, मिठ्या, जे काही असेल ते सगळं, वि. वि.

हरवलं! विश्वचषकात पश्चिम जर्मनीला हरवलं! दोन विरुद्ध एक! तू पाहिलंस ना? कुणाच्या तरी घरी जाऊन पाहिलंच असशील. आम्ही शेरीफच्या कॉफीच्या दुकानात दीडशे माणसं एका टीव्हीसमोर. त्यांनी बरोबरी केली तेव्हा कुणी श्वास घेईना, आणि पुढच्याच मिनिटाला आपला दुसरा गोल! मी टेबलावर चढलो. एकसष्टाव्या वर्षी! टेबल मोडलं, शेरीफने मलाच मिठी मारली. नंतर अख्खी गल्ली रस्त्यावर. बायका गच्च्यांवरून किलकाऱ्या मारत होत्या म्हणे, मला खालच्या ढोलांपुढे त्या ऐकू आल्या नाहीत. दहा दिवस बैरूतच्या बातम्यांनी छाती जड झाली होती, काल ती तासभर मोकळी झाली.

फल्लाचा पेपर चांगला गेला. पोरगी गुणाची आहे, पण अंमळ विचित्र. परवा सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, मामा, हा किती गोड गातोय! मी पिंजऱ्याकडे पाहिलं. वझीर नुसता चोच वासून बसला होता, उकाड्याने. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. मी हसलो, तर ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. तेव्हापासून ती माझ्याशी ओरडून बोलते. तिला मोठ्याने बोलायला तूच शिकवलंस का?

झुबीरबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तुझं मन मऊ आहे. पण संगीतात मऊपणा चालत नाही. जो वाजवत नाही त्याने वाजवण्याचं सोंग करू नये.

आज देश सुखात आहे, तूही राहा. लोभ दुप्पट झाला आहे, दोन गोलांसारखा.
तुझा आनंदी
दादा


कॉन्स्टन्टीन
२९ जून १९८२

ती. दादास,
सादर सलाम, रमजानच्या शुभेच्छा, वि. वि.

शुक्रवारी जर्मनी आणि ऑस्ट्रियाने संगनमताने उभ्या उभ्या खेळून आपल्याला विश्वचषकातून बाहेर काढलं. तुझी काय अवस्था झाली असेल ते मला इथे बसून दिसतं. पाणी पीत जा रे इफ्तारला, नुसती कॉफी नको.

दादा, हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. फल्ला परत आली आणि पहिल्यांदा परीक्षेबद्दल नाही, तुझ्याबद्दल बोलली. तुझ्या घरातल्या पहिल्या सकाळी तिला जाग आली ती वझीरच्या गाण्याने. तो पहाटेपासून गात होता, थांबतच नव्हता. तू शेजारी बसून त्याला मुका म्हणून दटावत होतास. तिला वाटलं तू थट्टा करतोस. मग एकदा तू पाठमोरा दाढी करत होतास, तेव्हा तिने मागे उभं राहून तुला तीनदा हाक मारली, बारीक आवाजात. तू वळला नाहीस. दाराची घंटा वाजायची तेव्हा तीच धावायची, तुला वाटायचं पाहुणे वेळ सांगून येतात.

वझीर मुका नाही, दादा. शेरीफचा पक्षीही मुका नाही. रेडिओवाले पाव खात नाहीत. तुला जाड आवाज येतात, शेखांचा गळा येतो, ढोल येतो. बारीक सूर येत नाहीत.

हे लिहून झाल्यावर मला तो व्हायोलिनवाला आठवला आणि सुई बोटात गेली.

रागाव. शिव्या दे. पण लिही. मुलीला रागावू नकोस, ती रडत होती.
तुझ्या मायेची नेहमीच भुकेली
झुलीखा


बेलकूर
२६ जुलै १९८२

चि. झुलीखास,
आशीर्वाद आणि ईदचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून फाडलं. मग तुकडे जोडून पुन्हा वाचलं. चार आठवडे उत्तर दिलं नाही, त्याची माफी मागत नाही, एवढा अजून ताठा आहे.

त्या दिवशी पिंजरा खिडकीत घेऊन चेहरा अगदी जवळ नेला. वझीरच्या गळ्यावरची पिसं फुगत होती, थरथरत होती, सगळं इवलं अंग हलत होतं. आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. शेरीफला हाक मारून विचारलं, हा गातोय का? तो म्हणाला, गातोय की, कायमच गातो. मग इतके महिने बोलला का नाहीस, तर म्हणतो, तू मुका म्हणायचास, मला वाटलं तुझी कसोटी आमच्यापेक्षा वरची आहे, तुझ्या लेखी याला गाणं म्हणत नसतील. झुलीखा, मी हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी?

डॉक्टरने तपासलं. एकतीस वर्षं जहाजांच्या बॉयलरवर हातोडे मारलेस, म्हणाला, कानांनी तेवढं सहन केलं हेच खूप. वरचे सूर गेले, ते परत यायचे नाहीत. खालचे शाबूत आहेत.

तिथून तसाच झुबीरच्या घरी गेलो. तो भाजी बाजारात गोण्या उचलतो आहे. आईने दार उघडलं, तो आतून आला. मी जे होतं ते सांगितलं. तो उभ्यानेच ऐकत होता. मग म्हणाला, चौदा लग्नं गेली, चाचा. कॉफीच्या दुकानांत मला मुका गज म्हणतात. माझ्या होणाऱ्या सासऱ्यानेही ते ऐकलं. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. कॉफी विचारली नाही, आपल्याकडे शत्रूलाही विचारतात.

मग मी शेरीफच्या दुकानात गेलो, सगळे होते. मोडलेल्या टेबलाच्या जागी नवीन आलंय, त्यावर हात आपटला आणि सांगितलं, ऐका रे, मुका झुबीर नव्हता, बहिरा कद्दूर होता. कुणी हसलं नाही. नंतर शेखांकडे. ते म्हणाले, मला त्याचं व्हायोलिन ऐकू येत होतं, कद्दूर. पण तू म्हणालास, म्हणून मी माझ्याच कानांवर शंका घेतली. त्यांनी झुबीरला परत बोलावलं. आला तो. शेखांसाठी आला, माझ्यासाठी नाही, हे त्याने कळवायची व्यवस्था केली.

मी आता गाण्याला जाणार नाही. पहिल्या रांगेतली खुर्ची शेरीफला दिली. वझीरलाही त्याच्याकडे देतो. ऐकणाऱ्याच्या घरी राहू दे.

फल्लाला सांग, मामा रागावलेला नाही. तुमची माया उरली असेल तर पाठवा.
कद्दूर


कॉन्स्टन्टीन
४ ऑगस्ट १९८२

ती. दादास,
सलाम, वि. वि.

तू टेबलावर हात आपटून जे बोललास ते मी फल्लाला वाचून दाखवलं, मग शेजारणीला, मग ती वाचू शकत असूनही पुन्हा शेजारणीला. आयुष्यभर तुझ्या फुशारक्या ऐकल्या, त्यांतली एकही मी कुणाला वाचून दाखवली नव्हती.

पण शेवटच्या परिच्छेदाला माझी मंजुरी नाही. गाणं काय नुसतं वरच्या सुरांचं असतं? शेखांचा आवाज तुला येतो, मॅंडोलची तार येते, दर्बूकाचा ठेका येतो. तेवढ्यावर तर तुमचं शाबी उभं आहे, असं तूच मला तीस वर्षं ऐकवतोस. आणि वझीर तुझ्यासाठी गातो असं तुला कुणी सांगितलं? त्याला दाणे तू घालतोस, तेवढं पुरे आहे. कुणाला देऊ नकोस.

१९ तारखेला शेखांचं गाणं आहे असं फल्लाने वर्तमानपत्रात वाचलं. तू जा. जायचं नसेल तर मी रेल्वेने येते आणि कासवही आणते.

धमकी खरी आहे, मायाही.
झुलीखा


बेलकूर
२० ऑगस्ट १९८२

चि. झुलीखास,
आशीर्वाद, सलाम, वि. वि.

कासवाच्या भीतीने गेलो. पाच वाजता गाणं, मी साडेचारलाच जाऊन शेवटच्या रांगेत खांबाआड बसलो. शेखांनी मंचावरून पाहिलं, गाणं सुरू करेनात. शेवटी दोघा जणांनी मला उचलल्यासारखं करून पुढे नेलं. शेरीफने खुर्ची सोडली आणि जमिनीवर बसला. झुबीर शेखांच्या मागे, व्हायोलिन मांडीवर उभं धरून. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पहिली दोन गाणी गेली. शेख ऐकू येत होते, दर्बूका छातीत वाजत होता. व्हायोलिनच्या जागी फक्त हलणारा गज. मी मान खाली घातली.

मग शेखांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि झुबीरला खूण केली, एकट्याने सूर मांडायला. तुला काय सांगू! त्याने गज टेकवला आणि मला ऐकू आलं! आधी वाटलं भास. मग त्याच्या हाताकडे पाहिलं. चारांतली सगळ्यात जाड तार धरून तो बसला होता, वर जायलाच तयार नव्हता. तिथल्या तिथे, खालच्या खाली, घसा बसलेल्या माणसाने जवळ बसून बोलावं तसा. प्रत्येक वळण मला येत होतं, झुलीखा! एकही सुटलं नाही! खालून शेरीफ कुरकुरला, हा आज तळाशी का रेंगाळतोय? मी त्याचं तोंड दाबलं. डोळे कधी गळायला लागले ते मला कळलं नाही. संपलं तेव्हा मी उभा राहून ओरडलो, पुन्हा! पुन्हा एकदा! एवढ्या मोठ्याने की शेख दचकले आणि सगळं सभागृह हसलं. झुबीरने शेखांकडे पाहिलं, शेखांनी मान हलवली. त्याने पुन्हा वाजवलं, तेच, तिथेच, खाली.

नंतर तो व्हायोलिन पेटीत ठेवत होता, तेव्हा जवळ गेलो. तोच म्हणाला, चाचा, हे आजच्यापुरतं. उद्यापासून मी चारही तारा वाजवणार. एका म्हाताऱ्यापायी माझ्या तीन तारा गंजवून घ्यायच्या नाहीत.

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि खरंच बरोबर आहे. पण घरी येईपर्यंत मी रस्ताभर तेच गुणगुणत आलो, तीन बसगाड्या सोडून चालत, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत. लोकांना वाटलं आपण पुन्हा कुणाला तरी हरवलं.

फल्लाचा निकाल लागला की लगेच कळव. माझ्या चुका मोजू नकोस, लोभ मात्र मोजमाप न ठेवता करीत राहा.
तुझा
दादा