दर रविवारी बंद पडणारी मोटारसायकल

गुणवंत, मोटारसायकलचा कार्बुरेटर आणि उडदाचे पापड एकाच खोक्यात घालून पाठवणारा माणूस आपल्या घरात जन्माला आला, हे कळायच्या आत आई गेली ते बरं झालं. पापड तळले. घरभर पेट्रोल पंपाचा वास. शेजारच्या सरदारणीने भिंतीवरून डोकावून सिलिंडर गळतंय का म्हणून विचारलं. हे म्हणाले, वास छान आहे, आणि चार खाल्ले. वासंतीने उन्हात बसून लाटलेले बाकीचे पापड मी गच्चीवर कबुतरांना घातले, तर कबुतरं जवळ आली, थांबली आणि दुसऱ्यांच्या गच्चीवर गेली. दिल्लीकडची कबुतरं काय वाटेल ते खातात, हे लक्षात घे. झालं, बोलून मोकळी झाले, आता रीतीचं लिहिते.

चिरंजीव गुणवंत यास फरीदाबादहून इंदूताईचे अनेक आशीर्वाद. तू, वासंती आणि मुलंबाळं खुशाल असाल. तुझी पाठ कशी आहे? चाळीस वर्षं मिरजेत लोकांच्या गाड्यांखाली लोळलास, आता पलंगावर धड लोळता येत नाही म्हणे. गरम विटेने शेक. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे, यांचा एक गुडघा नवीन आहे आणि बाकीचे हे जुनेच आहेत. फोन न करता पत्र का, असं विचारशील. आमच्याकडे फोन स्पीकरवर चालतो. यांना ऐकू येत नाही म्हणून स्पीकर, आणि स्पीकर लावला की ऐकू येत नसलं तरी मध्ये बोलता येतं. त्यामुळे मी चौथी पास बाई (पास केलं असं मास्तर म्हणाले, मी बघायला गेले नाही) हे लिहीत बसले आहे. अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस.

यांची ती बहात्तर सालची बुलेट तुला माहीत आहेच. तिच्यासाठी मी जन्मभर बॅटरी धरली आहे. हे खाली उताणे, मी वर उभी, आणि इकडे नको तिकडे धर, तिकडे नको इकडे धर. पावसाळ्यात यांचा गुडघा बदलला आणि डॉक्टरने सांगितलं की आता किक मारायची नाही. तेवढ्यात गुडगावचा एक हॉटेलवाला आला, चिराग नावाचा, वय असेल तीस, पायात मोजे नाहीत. त्याला बुलेट विकत हवी. चालवायला नव्हे, भिंतीवर टांगायला. लोक तिच्याखाली बसून पास्ता खाणार. यांनी पहिल्यांदा त्याला गेटबाहेर काढला. मग महिनाभर गॅलरीत बसून विचार केला आणि एक दिवस जेवता जेवता मला म्हणाले, "संक्रांतीला गाडी काला अंबला जाते. या वर्षी कुणी तरुण हात ती घेऊन गेला, तर राहील. नाही तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलाव." आणि भात न घेता उठले. (पानिपतच्या लढाईची ती जागा. दर संक्रांतीला आपली मराठी माणसं तिथे जमतात आणि यांचं जुन्या मोटारसायकलींचं मंडळही जातं. थंडीत कुडकुडत जायचं, हरलो त्या जागेला नमस्कार करायचा आणि कंबर धरून परत यायचं.)

माझं म्हणशील तर मला काय. गाडी गेली तर ओट्यावर तेल सांडायचं थांबेल. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे महिनाभर गाडीपाशी जाऊ शकले नाहीत, तो महिना मी पाहिला आहे. रोज सकाळी खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांचे स्पेअर पार्ट तपासले, आता माझ्या पोळ्या तपासायला लागले. तो मापाचा चिमटा असतो ना, त्याने पोळीची जाडी मोजली, आणि कडेला आणि मध्ये फरक आहे म्हणाले. फोडणीत मोहरी कधी टाकायची यावर मला समजावलं. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, साखरेच्या डब्यावर "साखर". गुणवंत, तो डबा काचेचा आहे. गाडी भिंतीवर गेली की हा माणूस कायमचा माझ्या दारात येऊन बसणार. म्हणून गाडी राहिली पाहिजे. यात माया वगैरे काही नाही, वासंतीला तसं वाटलं तर तिला समजावून सांग.

तरुण हात शोधायला मंडळाने काय केलं ते ऐक. समिती नेमली. युवक आकर्षण समिती. त्यात सगळ्यात लहान विठ्ठलराव, वय सहासष्ट, केस काळे करतात म्हणून त्यांना अध्यक्ष केलं. (आमच्याकडे पंधरा वर्षांवरची पेट्रोलची गाडी रस्त्यावर दिसली की उचलून नेतात. पन्नास वर्षांवरची असली तर मात्र कौतुकाने वेगळी पाटी देतात. हाच नियम माणसांना असता तर अख्ख्या मंडळाला पाट्या मिळाल्या असत्या.) समितीने सोसायटीचा हॉल घेतला आणि तिकडे दिल्लीत राजेंद्रनगरात मोठ्या परीक्षांचा अभ्यास करणारी आपली मुलं राहतात, त्यांना निरोप धाडले. ही मुलं उदगीर, वाशीम, चाळीसगाव अशा कुठल्या कुठल्या गावांची. एकेका खोलीत तिघं, डब्यात रोज राजमा. निरोपात खाली बारीक अक्षरात "पोहे मिळतील" असं होतं. ती मेट्रोने हॉल भरून आली.

मग दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. बुलेटला हार घातला. विठ्ठलरावांना शाल आणि नारळ दिला, विठ्ठलरावांनी तो यांना दिला. प्रास्ताविक झालं, मनोगतं झाली, आणि विठ्ठलराव कार्बुरेटरच्या जन्मापासून बोलायला लागले ते बाहेर पोहे गार झाले तरी कार्बुरेटर तारुण्यात आला नव्हता. गाडीभोवती दोरी, दोरीला पाटी, "हात लावू नये". शेवटी वाशीमचा यतीन नावाचा एक मुलगा धीर करून उभा राहिला आणि एकदा चालू करून बघू का म्हणाला. सगळं मंडळ त्याच्याकडे असं बघायला लागलं जसं काही त्याने यांच्या मुलीला मागणी घातली. आभारप्रदर्शनाला मुलं नव्हती. पोहे संपले होते.

मग कुणीतरी सांगितलं की तरुण लोक रील बघतात. विठ्ठलरावांच्या नातीने, सलोनीने, यांची रील काढली. हे गाडीशेजारी उभे राहून मॅग्नेटो समजावत होते. पुष्कळ लोकांनी बघितली आणि खाली विचारलं की अंकलचं स्वेटर कुठे मिळेल. (स्वेटर मी विणलंय. कुठेही मिळणार नाही.) दुसऱ्या आठवड्यात एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. मुलीने सीटवर बसून घागरा पसरला, घागऱ्याला इंजिनचं तेल लागलं, आणि तिची आई माझ्याकडे रिन मागायला आली. तरुण पिढी आकर्षित झाली ती इतकी.

खरी गोष्ट पुढेच आहे. पोह्यांच्या दिवशी उदगीरची वैभवी नावाची मुलगी भांडी आवरायला मागे थांबली होती. तिला मी म्हटलं होतं, रविवारी जेवायला या, वरण-भात करते. ती आणि यतीन आले. हे खूश. खुर्ची अंगणात मांडली, गाडी दाखवायला काढली, यतीनला सांगून किक मारवली, आणि गाडी चालू होईना. यांना वाकता येईना. तेव्हा, गुणवंत, पहिल्यांदा या माणसाने दुसऱ्याच्या हातात पाना दिला. देताना असा घट्ट धरून ठेवला की मला वाटलं परत घेतात. मुलं जमिनीवर बसली. हा नट काढ, तो राहू दे, वास घे, पेट्रोल येतंय का बघ, ठिणगी बघ. माझं वरण दोनदा गरम झालं. परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं ती, त्यांना प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली मिळतात आणि एकावर टिंब करायचं असतं. इथे खाली काहीच छापलेलं नव्हतं. फोन खिशात राहिले. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर साचलेली घाण वैभवीला सापडली, तिने ती माझ्या पोलक्याच्या चिंधीने पुसली, यतीनने किक मारली आणि गाडी बोलली तेव्हा दोघं तोंडाला काळं फासलेली पोरं अशी ओरडली की सरदारणीने पुन्हा डोकं वर काढलं.

पुढच्या रविवारी ती आणखी दोघांना घेऊन आली. गाडी पहिल्या किकला चालू. मुलं "वा आजोबा" म्हणाली, फोटो काढला, जेवली, फोन बघितले आणि तीनच्या मेट्रोने गेली. त्याच्या पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. टेस्ट सिरीज आहे म्हणाली. मी पुरणपोळी केली होती, ती यांनी मोजली. संध्याकाळी चष्मा लावून चिरागचा नंबर शोधत बसलेले मी बघितले.

पण त्यानंतरच्या रविवारी गाडी पुन्हा बंद पडली. वैभवीला कळवलं, पोरं धावत आली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा बंद. आता सोमवार ते शनिवार गाडी यंत्रासारखी चालते, यतीन मध्येच येऊन तिला गल्लीत फिरवून आणतो, काही तक्रार नाही, आणि रविवार उजाडला की मेली. यांना झोप नाही. तुझ्याकडून कार्बुरेटर मागवला तो याच पायी. विठ्ठलरावांनी शनीची शांत सुचवली. आणि मुलं काय विचारतोस, अंगणात बसायला जागा नाही. चाळीसगावचा एक, यवतमाळच्या दोघी, एक तर बिहारचा मुलगा आहे, त्याला मराठी येत नाही पण पाना येतो. हे खुर्चीत बसून "सोच के बोलो, सोच के" म्हणत असतात, आवाज पूर्वीसारखा झाला आहे. गेल्या रविवारी वैभवीने सहाव्या की सातव्या झटक्याला स्वतः किक मारून चालू केली. हे तिला म्हणाले, "पुढच्या वेळी उजवा खांदा आधी." एवढंच म्हणाले. पण पुढच्या वेळी म्हणाले. त्या दिवसापासून चिरागचा फोन उचलत नाहीत. त्याला "नाही" मात्र अजून सांगितलेलं नाही, संक्रांतीपर्यंत तसंच ठेवणार.

असो. इकडे थंडी पडली आहे, धूर आहे, समोरचं झाड दिसत नाही. वासंतीला आशीर्वाद. पाठीची काळजी घे.

तुझी ताई,
इंदुमती

ता. क. गाडी मी बंद पाडते. रविवारी हे आंघोळीला गेले की. पहिल्यांदा प्लगची टोपी सैल केली. मग पेट्रोलचा कॉक बंद केला (हे त्यांना लगेच सापडलं, वरण गरमच होतं). मग विळीने नव्हे, भाजीच्या सुरीने झाकणाचे स्क्रू काढून पॉइंटमध्ये कॅलेंडरचा कपटा घातला. बॅटरी धरून इतकी वर्षं उभी राहिले ती काही आकाशातले तारे बघत नव्हते. सगळ्यात छान गेली ती कणीक. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात पोळीच्या कणकेचा गोळा दाबला. गाडी चालू होते, गल्लीच्या टोकाला जाऊन मरते. पेट्रोल बघायला झाकण उघडलं की हवा शिरते आणि पुन्हा चालू. मुलं दिवसभर पळत होती. यांनी खुर्चीतून इंजिनिअरिंगची सगळी पुस्तकं सांगितली. मी पोळ्या लाटत होते.

आणखी ता. क. हे वैभवीला कळलं आहे. कणकेच्या रविवारी ती लवकर आली आणि मी टाकीवर वाकलेली तिने पाहिली. मी म्हटलं, आता ही ओरडते. तर ती पोरगी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मला दाखवू नका हं. आणि जरा अवघड करा, यतीन आता फार लवकर शोधतो."

शेवटचा ता. क. माझ्याकडचे बिघाड संपले. संक्रांतीपर्यंतच्या प्रत्येक रविवारसाठी एकेक नवा बिघाड मला लिहून पाठव. बाईच्या हाताने पाच मिनिटांत करता आला पाहिजे (आंघोळ तेवढीच असते), गाडीला इजा होता कामा नये, आणि सापडेपर्यंत माझा कुकर झाला पाहिजे. संक्रांतीच्या दिवशी मी हात लावणार नाही. त्या दिवशी पानिपतच्या रस्त्यावर ती बंद पडली तर तिची ती पडेल, आणि वैभवी बघेल. उत्तर तू स्वतः लिहायचंस, तुझ्या हाताने. वासंतीने नाही, ती सहानुभूती म्हणून लगेच यांना फोन करेल. मुलाने नाही, तो व्हॉट्सअॅपवर टाकेल आणि तो आमच्या घरी मोठ्याने वाचला जातो. पाकिटावर यांचं नाव घालू नकोस, माझं घाल, पूर्ण. पाठ दुखते हे कारण चालणार नाही, पालथा पडून लिही.