नखाएवढा पाव

ठकू,

शाळेतून आलीस की आधी हे वाच, मग बाहुलीघर उघड.

त्यातलं पिठाचं जेवण मी आज सकाळी कचऱ्यात टाकलं. त्याला कीड लागली होती, आणि मला वाटलं, तूच कधीतरी खेळताना केलेलं असेल. लग्न होऊन या घरात येऊन मला चारच महिने झालेत, मला ठाऊक नव्हतं. तुझ्या बाबांना फोनवर सहज सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, ते तिच्या आईने केलं होतं. शेवटचं दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात."

मी घरातल्या चपलांवरच खाली धावले. कचरेवाल्याने विचारलं, "काय हरवलं ताई, सोनं?" मी म्हटलं, "पाव. नखाएवढा." त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने अख्खं पोतं रस्त्यावर ओतलं आणि माझ्याबरोबर उकिडवा बसून शोधलं. केक, मटार, सफरचंदं काही सापडलं नाही. एक पाव तेवढा मिळाला.

बाकीचं नवीन करून ठेवावं म्हणून मी मैदा-मीठ भिजवलंसुद्धा. पण ती लबाडी झाली असती, म्हणून टाकून दिलं.

माझी दुपारची पाळी आहे, संध्याकाळी येते. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण जेवून घे.

पाव टेबलावर वाटीत आहे. त्याच्या खालच्या बाजूला तुझ्या आईच्या बोटाचा ठसा उमटलाय. वरची धूळ मी फुंकरीने उडवली. ठशाला हात लावलेला नाही.

मावशी