झाकणाखालची साय

४ डिसेंबर

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बायकोचा खोकला गेला का? तिला म्हणावं, नणंद नुसती विचारत नव्हती, रागावतही होती. इतके दिवस अंगावर काढायचं नसतं.

आता माझं गाऱ्हाणं. जुलैत गाडीचं ऑइल बदलायचं होतं. ह्यांचा ठरलेला डबा तुला माहीत आहे. मोठ्या कंपनीचा, सिंथेटिक. माझ्या चष्म्याचा नंबर त्यांना कधी आठवला नाही, पण ऑइलचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगायचे. यंदा पहिल्यांदा दुकानात मी एकटी गेले. त्या डब्याशेजारीच दुकानाच्या स्वतःच्या नावाचा डबा होता. तोही सिंथेटिक, नंबर तोच, आणि बराच स्वस्त. मी तो उचलला. मेकॅनिकने तेच ऑइल घातलंही. पण हे जाऊन जेमतेम वर्ष झालं आणि मी त्यांच्यामागे डबा बदलला, हे मनात कुरतडत राहिलं.

काल ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतून पिवळट साय धरलेली. स्वस्तातलं ऑइल नासलं ना? इंजिन गेलं असेल तर सरळ सांग. गाडीशिवाय माझं अडेल. दर गुरुवारी आम्ही वाचनाच्या मैत्रिणी तळ्यावर जातो आणि सगळ्यांना मीच नेते. बाकी माझी काळजी नको, मला दिवस पुरत नाही.

तुझ्या मुंगीच्या पायांसारख्या अक्षरावरसुद्धा लोभ असलेली,
ताई

१३ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोकला गेला. तुझा राग औषधाआधी लागू पडला.

ऑइलवर उगाच आळ घेऊ नकोस. डब्याचं तोंड नको पाहूस, पाठ पाहा. ते ऑइल कोणत्या दर्जाचं आहे, हे मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. गाडीच्या पुस्तकात मागितलेला नंबर आणि दर्जा दोन्ही डब्यांवर असला की झालं. बड्या कंपनीच्या डब्यात इंजिन साफ ठेवणारा मसाला कधीकधी जरा सरस असतो. रात्रंदिवस ओझं ओढणाऱ्या गाडीला त्याचा फरक पडेलही, पण तुझ्या गाडीला नाही. माझ्या गॅरेजमध्ये एका बेकरीच्या दोन सारख्या व्हॅन येतात. पाच वर्षं एकीत मी कंपनीचं ऑइल घालतो आणि दुसरीत दुकानाचं, दोन्ही वेळच्या वेळी बदलून. दोन वर्षांपूर्वी दोन्हींची इंजिनं उघडली, तर कोणती कुठली हे मला वही काढून पाहावं लागलं. भावजींना हे सांगितलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

साय मात्र कुठून तरी आलीच आहे. लांबच्या गिऱ्हाइकांना सांगतो तेच तुला सांगतो. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढ, टीपकागदावर एक थेंब टाक, वाळला की पाठव. मेकॅनिकने जुलैत दाराच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा किलोमीटरचा आकडा आणि आजचा आकडा, दोन्ही लिही.

तुझी ओरड खायला सदैव तयार,
खटपट्या

२१ डिसेंबर

चि. खटपट्यास आशीर्वाद. वि. वि.

टीपकागद तीन दुकानांत विचारला. एका मुलीने तो काय असतो असं मलाच विचारलं. शेवटी ह्यांच्या टेबलाच्या खणात मिळाला. थेंब सोबत आहे. कड दातेरी उमटली आहे, ती चांगली की वाईट तू जाणे. चिठ्ठीवर ६४,२१८ आणि आज ६४,२२७.

या गुरुवारी तळ्यावर बोचरा वारा होता. आमच्यातली एक इतकी हसली की सगळा चहा अंगावर सांडला. मजेत आहे.

निकालाची वाट पाहणारी,
ताई

२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

ऑइल उत्तम आहे. दातेरी कड पाण्याची असते. थंड इंजिन सुरू करायचं आणि पुरतं तापायच्या आत बंद करायचं, असं रोज केलं की आत वाफ धरते. तिचं पाणी ऑइलात मिसळलं की साय होते. भावजींच्या डब्यातल्या ऑइलचंही हेच झालं असतं.

आता आकडे. पाच महिन्यांत नऊ किलोमीटर. त्यातले चार मेकॅनिककडून घरी येण्यात गेले. राहिले पाच. ताई, तळं तुझ्या घरापासून बारा किलोमीटरवर आहे.

काल फोनवर विचारलं, गाडी जागेवरच सुरू करून बसतेस का, कोंडलेला धूर जीव घेतो, तर गाडी चालू असताना शेडचं शटर वर असतं, एवढंच म्हणालीस आणि ठेवून दिलास. बाकीचं लिही. फोनवर तू कायम मजेतच असतेस.

मी रागावलेलो नाही, मला माझी लाज वाटते आहे. तुझे गुरुवार वाचून मी बायकोला सांगायचो, ताईचं छान चाललंय, पुढच्या सुट्टीत जाऊ. अशा तीन सुट्ट्या गेल्या. तुझे गुरुवार माझ्या सोयीचे होते.

येऊ का, विचारलं की तू नको म्हणणार. म्हणून विचारत नाही. सायीवर उपाय एकच. गाडी मोठ्या रस्त्याला काढ, पाऊण तास पळव. मग ऑइल बदल, कुठल्याही डब्यातलं घाल.

तुझा
खटपट्या

११ जानेवारी

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

शटर खरंच वर असतं.

गुरुवार अगदीच खोटे नव्हते. पण एक मुलाकडे राहायला गेली, एकीचे गुडघे गेले आणि मग कोणी कोणाला बोलावलंच नाही. तुला लिहिताना मी त्यांना तळ्यावर नेत राहिले. चहा सांडणारी तर मी बसल्या बसल्या घडवली.

संध्याकाळी सहाला हे यायचे. स्वयंपाकघरात आधी इंजिन ऐकू यायचं, मग शटर. आता सहा वाजले की घर गप्प होतं, अगदी ऐकू येईल इतकं. मग मी शेडमध्ये जाते, शेजारच्या सीटवर बसते आणि हात लांब करून किल्ली फिरवते. दहा मिनिटं, बस्स. गाडी मला चांगली येते, तूच शिकवलीस. पण चालवायला बसलं की बाजूची सीट रिकामी दिसते. बाजूला बसलं की वाटतं, हे काहीतरी विसरले म्हणून आत गेलेत.

ते पाच किलोमीटर ऑगस्टमधले. निघाले होते, फाट्यावरून परत फिरले.

परवा मात्र काढली. पाऊण तास, मोठ्या रस्त्याने. कुठे जायचं ते माहीत नव्हतं, म्हणून एका पेट्रोल पंपावर थांबले. तिथल्या माणसाने चाकांची हवा बघू का, असं विचारलं. हवा ठीक होती, मला माहीत होतं. तरी चारही बघा म्हटलं, तेवढाच वेळ कोणी तरी आसपास राहील म्हणून. तो मला काकू म्हणाला, जपून जा म्हणाला. परतीच्या वाटेवर तेवढंच पुरवून पुरवून आठवत आले. खटपट्या, इतकं कमी झालंय माझं बोलणं.

तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. सवयीने नको म्हणाले असते. साय उतरली आहे, ऑइल बदलून झालं आहे, इंजिनाचा आवाज स्वच्छ येतो आहे. तुझ्यासारख्या माणसाने बघावं असं गाडीत काही उरलेलं नाही.

तरी ये.

तुझी
ताई