दुसरा मोजा

दिघी, ४ जानेवारी २०२५

चि. मनालीस आईचे अ. उ. आ.

फोनवर बोलले की तुझे बाबा कान देऊन ऐकतात, म्हणून हे पत्र. तू उरणहून पाठवलेलं हाताचं यंत्र पोचलं. पेटीत दोन हातमोजे निघाले, एक त्यांचा, एक माझा. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचा उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो. त्यात मोजा चढवला, दुसरा मी घातला. मी मूठ मिटली की त्यांची मिटते, मी उघडली की उघडते! जीव भांड्यात पडला गं. जन्मभर मी सुईत दोरा भरून दिला आणि त्यांनी जाळं विणलं. आता माझ्या तालावर नाचता, असं चिडवलं की वाकड्या तोंडाने हसतात. शिमग्याच्या आत हातातलं जाळं पुरं करायचं त्यांच्या मनात आहे.

जेवत जा वेळेवर. माया असू दे.

तुझी आई, रंगू


उरण, ११ जानेवारी

ती. आईस शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग रडूच आलं. आई, दुसरा मोजा तुझा नाही. तो बाबांच्या चांगल्या, डाव्या हातात घालायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, डावा हलवताना त्यांनी मनाने उजवाही हलवायचा. तू हलवलास तर हात नुसता ओढला जातो. सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात म्हणे, म्हणून आजपासून तसंच कर. बंदरावरच्या ऑफिसात सुट्टी मिळेना, नाहीतर मीच आले असते.

रागावू नकोस. बाबांना नमस्कार.

तुझी मनाली


दिघी, २ मार्च

चि. मनालीस अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. बाबा दोन्ही मोजे घालून बसायचे, घामाघूम व्हायचे. पण मोजा काढला की उजव्या हाताचं एक बोटही हलत नसे. परवा अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं. हा हात पुन्हा जाळं विणेल अशी आशा धरू नका म्हणाले. न्हायच का, एवढंच बाबांनी विचारलं. माझ्या घोळामुळे झालं का, असं मी बाहेर येऊन विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले, तरी माझ्या मनातून ते जात नाही. अर्धं विणलेलं जाळं बाबांनी काल पुतण्याला, रघूला, देऊन टाकलं. मी मागच्या दारी जाऊन रडले.

यंत्र दुसऱ्या कुणाच्या कामी येईल, असं तू फोनवर म्हणालीस. खरं आहे, पण आत्ताच मागू नकोस. तिन्हीसांजेला बाबा उजव्या हातात मोजा चढवून घेतात. दुसरा घालत नाहीत. डाव्या हाताने उचलतात आणि माझ्यापुढे धरतात.

जमेल तेव्हा येऊन जा.

तुझी आई