सतरंज्यांच्या आडचा सिनेमा

नवीन जालना, शुक्रवार, १९४८

दुपारी यांनी खिडक्यांना सतरंज्यांचे पडदे लावून माजघरात अंधार केला आणि गल्लीतल्या बायकांना सिनेमा दाखवला. हे हातानं मशीन फिरवून राह्यले तोच दारात निजामाचा पोलिस.

"अंधेरा कायकू?"

"उजेडात चित्र दिसत न्हाई."

तो उभ्यानंच बघत राहिला. हसलासुद्धा. मंग गेला.

बायका पांगल्या. एकीच उरली, पदर तोंडावर ओढलेली. मी खिडकीवरची सतरंजी काढली, तिनं पदर सारला, तर लुगड्यात माझा भाऊ! दोन महिने पोलिस ज्याच्या मागावर आहेत, तो.

"मला आधी का न्हाई सांगितलं?" मी यांच्यावर ओरडलेच.

"तू सारखी त्याच्याकडंच बघत बसली असतीस."

बराबर आहे. बसलेच असते. तरी राग जात न्हाई.